गाई-म्हशींचा पॉडकास्ट आणि आबांची डिग्री

लेस्टरहून कॉव्हेंट्रीला नोकरीसाठी रोज गाडीने जाणं-येणं. एम ६९ रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, त्यात पावसात उभ्या राहिलेल्या काळ्या-पांढऱ्या गाई. इथे आलो तेव्हा या गाई बघून घरची आठवण यायची, आता सवय झाली. गाडीत मी पॉडकास्ट ऐकतो. काही वर्षांपूर्वी ऑफिसमधला एक इंग्रज मित्र म्हणाला, "तुझे वडील डेअरीत होते ना? मग हा ऐकच." आणि त्याने मला 'बीफ अँड डेअरी नेटवर्क पॉडकास्ट'ची लिंक पाठवली.

नावातला पहिला शब्द मी घरी फोनवर बोलताना गिळतो. आईला 'दुग्धव्यवसायाचा कार्यक्रम' एवढंच सांगितलंय. असो.

पहिली दहा मिनिटं मला तो खराच वाटला. खालच्या पट्टीतला, शांत, कामाशी काम ठेवणारा निवेदक. दुभती आणि मांसासाठीची जनावरं पाळणाऱ्यांसाठी, किंवा नुसता त्यात रस असणाऱ्यांसाठी, हा पहिल्या क्रमांकाचा कार्यक्रम आहे अशी ओळख. मग पशुखाद्याच्या कंपनीची जाहिरात. मग तज्ज्ञाची मुलाखत. मी मनात म्हटलं, वा, हे आबांना आवडेल. तेवढ्यात तो तज्ज्ञ काहीतरी भलतंच बोलला. मला वाटलं माझंच इंग्रजी कच्चं. निवेदकाने मात्र जराही न चमकता पुढचा प्रश्न विचारला, त्यावर उत्तर आणखी भलतं आलं, आणि मग माझी ट्यूब पेटली. जाहिरात खोटी, कंपनी खोटी, तज्ज्ञ म्हणजे विनोदी नट. हसता हसता माझा वळणाचा फाटा चुकला.

हा कार्यक्रम बेंजामिन पार्ट्रिज नावाच्या वेल्श विनोदवीराने २०१५ मध्ये सुरू केला. निवेदक तोच. मुलाखतींमधलं बरंचसं बोलणं आयत्या वेळचं असतं, नंतर ते कापून-जोडून नेटकं करतात. ब्रिटिश पॉडकास्ट अवॉर्ड्समध्ये त्याला विनोदी विभागाचा पुरस्कारही मिळाला आहे. आणि गंमत म्हणजे तो ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात गाईला हात लावलेला नसणार.

मग लोक का हसतात? कारण ज्याची ही नक्कल आहे ती चीज खरी आहे आणि सगळ्यांच्या ओळखीची आहे. 'पॉडकास्ट' हा शब्दच मुळात २००४ मध्ये 'द गार्डियन'च्या एका लेखात बेन हॅमर्सली या पत्रकाराने सुचवला होता. रेडिओला मोठा श्रोतृवर्ग लागतो, वेळेचं गणित असतं, पैसा लागतो. पॉडकास्टला एक माइक आणि एक हौशी माणूस पुरतो. त्यामुळे ज्या विषयाला रेडिओवर कधी पाच मिनिटं मिळाली नसती त्यावर तास-तासभर बोलणारे तयार झाले. छत्र्या, कुंपणं, जुने टाइपरायटर, काय वाटेल ते. एक जण दुसऱ्याची मुलाखत घेतो, दोघंही गंभीर, आणि मध्ये गादीची जाहिरात.

या देशाला अशा बारक्या विषयांचं वेडच आहे. २०१० पासून लंडनमध्ये 'बोअरिंग कॉन्फरन्स' नावाची परिषद भरत आली आहे. लोक तिकीट काढून जातात आणि हात वाळवायच्या मशिनवर व्याख्यान ऐकतात. बीबीसी रेडिओवर पहाटे 'फार्मिंग टुडे' लागतं. 'द आर्चर्स' ही खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाची श्रुतिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर सुरू आहे. युद्धानंतर अन्नधान्याचं रेशनिंग होतं आणि शेतकऱ्याला नव्या पद्धती गोष्टीतून कळाव्यात हा तिचा मूळ हेतू. म्हणजे आपल्या दूरदर्शनवरच्या 'आमची माती आमची माणसं'चीच लांबची बहीण म्हणा.

आणि गंभीर चेहऱ्याने फिरकी घ्यायची परंपराही इथे जुनी आहे. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरामा' या वजनदार कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधलं एक कुटुंब झाडावरून स्पॅगेटी तोडताना दाखवलं. निवेदन रिचर्ड डिंबल्बी यांचं, ज्यांच्या आवाजावर देशाचा विश्वास. नंतर लोकांनी फोन करून विचारलं की हे झाड आमच्याकडे कसं लावायचं! पुढे १९९१ मध्ये 'ऑन द अवर' या रेडिओ कार्यक्रमाने बातम्यांच्या भाषेची अशीच खिल्ली उडवली. त्यातूनच ॲलन पार्ट्रिज हे गाजलेलं पात्र जन्माला आलं. आपल्या गाईवाल्या पार्ट्रिजशी त्याचं नातं काही नाही, नुसता आडनावाचा योगायोग.

आपल्याकडेही हे नवीन नाही. पु.लं.ची 'म्हैस' आठवा. एस.टी.खाली एक म्हैस सापडते आणि त्या म्हशीभोवती जो तो आपापल्या परीने अत्यंत गंभीर होतो. एकालाही आपण विनोदी आहोत हे माहीत नसतं, म्हणून तर आपण हसतो.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा माझ्या एका चुकीचा आहे.

आमचं गाव कागल तालुक्यातलं. आबा गावच्या दूध संस्थेत एकतीस वर्षं सचिव होते. पहाटे साडेचारला उठून संकलन, पुन्हा संध्याकाळी संकलन. दिवाळीचा पाडवा असो की घरात लग्न असो, म्हशीला सुट्टी नसते, त्यामुळे आबांनाही नसायची. लहानपणी आमच्या घरात बोलणं एकाच विषयावर. कोणाची फॅट उतरली, कोणाची डिग्री लागली नाही, दहा दिवसांचं बिल, दिवाळीचा फरक, सरकी पेंडेचा भाव. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, 'डिग्री' म्हणजे दुधात लॅक्टोमीटर सोडल्यावर येणारा आकडा. दुधात पाणी घातलं की डिग्री उतरते. मला इंजिनिअरिंगची डिग्री मिळाल्याचा फोन केला तेव्हा आबा पहिलं वाक्य बोलले ते असं, "किती लागली?"

तेव्हा या बोलण्याचा मला भयंकर कंटाळा यायचा. इथे आल्यावर त्याच बोलण्याची नक्कल करून मी मित्रांना हसवायला लागलो. आबांचा आवाज मला हुबेहूब जमतो. तो पॉडकास्ट ऐकल्यावर तर डोक्यात किडाच शिरला. २०१९ च्या दिवाळीत आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी दहा मिनिटांचा एक प्रवेश केला. नाव 'सकाळचं संकलन', महाराष्ट्रातला दूध संस्थांच्या सचिवांसाठीचा एकमेव पॉडकास्ट. आजचा विषय, किटलीच्या झाकणाच्या आवाजावरून गिऱ्हाईक ओळखणे. प्रायोजक, एक पेंड. दुसऱ्या खुर्चीत माझा मित्र 'तज्ज्ञ' म्हणून. लोक पोट धरून हसले. मी पण हवेत.

हसण्याचा सगळ्यात मोठा फुगा कुठे फुटला? मी आबांच्या आवाजात काटा मारायच्या तीन पद्धती सांगितल्या तेव्हा.

कार्यक्रम संपल्यावर बटाटेवड्याच्या रांगेत एक काकू भेटल्या. मूळ साताऱ्याच्या, इथे येऊन चाळीस वर्षं झाली. त्या म्हणाल्या, "आवाज छान काढता हो तुम्ही. पण इथे पौंडात पगार घेऊन तिकडच्या शेणामुतात राबणाऱ्यांना हसायचं, हे काही मला पटलं नाही." मला राग आला. म्हटलं, "काकू, मी त्यांच्यातलाच आहे, माझे वडील आहेत ते." काकू म्हणाल्या, "मग तर जास्तच." आणि वडा घेऊन गेल्या.

कोणीतरी व्हिडिओ काढला होता. व्हॉट्सॲपला पासपोर्ट लागत नाही. मी घरी सांगायच्या आत तो चुलत्यांच्या ग्रुपवरून आबांच्या फोनवर पोचला. रविवारच्या फोनवर आबा त्याविषयी काही बोलले नाहीत. आई हळूच म्हणाली, "बघितलाय त्यांनी. तीनदा." मग मीच विचारलं, "आबा, कसा वाटला?"

आबा जरा थांबून म्हणाले, "गाईला सहा फॅट कुठली रं? गाईला साडेतीन-साडेआठ. म्हशीला सहा-नऊ. एवढं पण इसरलास?"

मी हसलो. सुटलो असं वाटलं. मग आबा म्हणाले, "झाकणाचं बरं केलास. खरंच आवाजावरनं कळायचं कोण आलंय ते. पण ते काट्याचं न्हाई बरोबर. आमच्या डेअरीत काटा कधी मारला न्हाई."

एवढंच. पुढे पावसाचं बोलले आणि फोन आईकडे दिला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दूध संस्थेचा सचिव म्हणजे काटा मारणारा, पाणी घालणारा, हा आपल्याकडचा तयार विनोद आहे. सिनेमात आहे, गावच्या पारावर आहे. मी तो उचलला कारण हशा नक्की मिळणार होता. पण माझ्या घरात मी पाहिलेलं काय होतं? गर्बर टेस्टचं सल्फ्युरिक ॲसिड उडून आबांच्या सदऱ्यांना पडलेली भोकं. नमुना लावताना कोणी शंका घेतली तर त्याच्यासमोर पुन्हा लावून दाखवायची त्यांची सवय. सख्ख्या भावाचं दूध डिग्री लागली नाही म्हणून परत पाठवलं होतं आबांनी, आणि काका आमच्याकडे दोन वर्षं जेवायला आले नव्हते. हे सगळं मला माहीत होतं. स्टेजवर मात्र मी ते बाजूला ठेवलं आणि ऐकीव माल विकला. आबांच्या भाषेत सांगायचं तर पाणी मीच घातलं होतं.

त्यानंतर मी तो गाई-म्हशींचा पॉडकास्ट पुन्हा ऐकला, थोडा विद्यार्थ्यासारखा. तेव्हा लक्षात आलं की तो शेतकऱ्याला हसत नाही. तो हसतो व्यापारी मासिकाच्या कोरड्या भाषेला, स्वतःला पहिल्या क्रमांकाचा म्हणवून घेणाऱ्या निवेदकाला, कोणत्याही प्रश्नावर उत्तर तयार असणाऱ्या तज्ज्ञाला आणि कंपन्यांच्या जाहिरातींना. या देशात गाईंच्या नावाने लोकांनी खूप सोसलंय. गाईंच्या मेंदूच्या रोगामुळे १९९६ मध्ये युरोपीय संघाने ब्रिटिश बीफची निर्यात बंद केली. २००१ च्या लाळ-खुरकुताच्या साथीत साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. कित्येक शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत कळपच्या कळप गेले. अशा जागी विनोद करणं म्हणजे निसरड्या गोठ्यात चालणं. पार्ट्रिजसाहेब तिथे बेताने पाय टाकतात.

शिवाय खरं जग नकलेच्या पुढे धावतं हेही आहेच. ऑगस्ट २०१५ मध्ये दुधाला भाव मिळत नाही म्हणून चिडलेल्या शेतकऱ्यांनी स्टॅफर्डच्या एका सुपरमार्केटमध्ये दोन जिवंत गाई आत नेल्या होत्या. दुधाच्या बाटल्यांच्या मधून फिरणाऱ्या गाई! पॉडकास्ट सुरू झाला त्याच वर्षीची गोष्ट. आणि जुलै २०१८ मध्ये आपल्याकडे लिटरला पाच रुपये थेट अनुदान मागत शेतकऱ्यांनी दूध रस्त्यावर ओतलं. स्टॅफर्डचा फोटो बघून माझे ऑफिसवाले हसले होते. मीही हसलो. रस्त्यावर वाहणारं दूध टीव्हीवर बघून आबा मात्र उठून बाहेर गेले होते, असं आई सांगते.

तर माझं मत असं झालंय. परदेशात राहणाऱ्याने गावाकडच्या गोष्टींवर विनोद करूच नये, हे काकूंचं म्हणणं मला आजही मान्य नाही. असं म्हटलं तर आपल्याकडे उरतं काय? नुसते गहिवर. गणपतीत गहिवर, दिवाळीत गहिवर, आणि मध्ये गावची आठवण म्हणून चुलीचा फोटो. त्यापेक्षा झाकणाच्या आवाजावरचा विनोद बरा, कारण त्यासाठी झाकणाचा आवाज लक्षात असावा लागतो. पण काकूंचं अर्धं म्हणणं खरं आहे. मी हसवत होतो ते लांबून आणि पौंडाच्या उबेत बसून. ज्याची नक्कल केली तो माणूस प्रेक्षकांत नव्हता. तो समोर बसला असता तर मी काटा मारायचं बोललो असतो का? नसतो. मला वाटतं एवढी एक कसोटी पुरेशी आहे. ज्याची नक्कल करतोय तो पहिल्या रांगेत बसलाय असं समजायचं.

काही जण म्हणतील, एवढा काय विचार करायचा, दहा मिनिटांची गंमत होती. खरंय. पण आपली मुलं आपल्याला ज्या नजरेने बघतात त्याचा विचार करा. आपणही या देशात एक बारका विषयच आहोत. कांदा-लसूण चटणी कुठल्या दुकानात चांगली मिळते यावर आमच्या ग्रुपवर दीडशे मेसेज पडतात. भारतातून आणलेला कुकर इथल्या शेगडीवर का शिजवत नाही यावर माणसं तासभर बोलतात, अगदी त्या तज्ज्ञांच्या गांभीर्याने. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. ती माझी नक्कल करते, विमानतळावर बॅगेचं वजन करतानाची. हाताने उचलून मी जो आकडा सांगतो तो, आणि मग काट्यावर ठेवून मी जी मान हलवतो ती. इतकी बरोबर करते की मलाच हसू येतं. तिने उद्या स्टेजवर मला चोरून सामान नेणारा दाखवलं तर? मला लागेल. मान हलवण्याचं लागत नाही.

२०२० मध्ये सगळं बंद पडलं तेव्हा मंडळाचे कार्यक्रम झूमवर व्हायला लागले. मी सेक्रेटरींना म्हटलं, 'सकाळचं संकलन'चा दुसरा भाग करू, पण यावेळी तज्ज्ञ खरा आणतो. आबांना सांगितलं, "आबा, मी प्रश्न विचारणार, तुम्ही उत्तरं द्यायची. गंमत आहे." आबांनी पांढरी टोपी घातली, आईने मागे कॅलेंडर सरळ केलं आणि कार्यक्रम सुरू झाला.

मी मुद्दाम वेडेवाकडे प्रश्न काढले होते. "म्हशीचा मूड आणि फॅट यांचा संबंध काय?" लोक हसायच्या तयारीत. आबा म्हणाले, "हाय की संबंध. म्हस बिथरली की पान्हा चोरती. शेवटच्या धारा आत राहिल्या की फॅट गेलीच, कारण फॅट शेवटच्या धारंत जास्त असती. आदुगरच्या धारा पातळ. आता तुम्ही शेवटच्या धारा वासराला सोडल्या आन मग डेअरीत येऊन माझ्याशी भांडलासा, तर मी काय करू?" सकाळच्या दुधापेक्षा संध्याकाळच्या दुधाला फॅट का जास्त लागते, पावसाळ्यात कोवळी हिरवी वैरण वाढली आणि सुकी कमी पडली की ती का उतरते, हे त्यांनी बोटं मोडत सांगितलं. दहा मिनिटं ठरली होती, पस्तीस झाली. एकाने म्यूट काढून विचारलं, तर दुसऱ्याने. शेवटी साताऱ्याच्या काकूंचा चौकोन उजळला. त्यांच्या माहेरी म्हशी होत्या. त्यांनी विचारलं, "आमचे वडील म्हणायचे पंढरपुरी म्हैस रस्त्यावर उभी करून कुठेही धार काढून देते, खरं का?" आबा म्हणाले, "खरं. गरीब जात ती. कोल्हापुरात गंगावेशीत दूधकट्ट्यावर बघा जाऊन, गिऱ्हाइकासमोर धार काढत्यात." काकू बराच वेळ हसत होत्या.

हा विनोदी कार्यक्रम होता हे आबांना कळलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही.

आता गावच्या डेअरीत मशिन आलंय. दूध लावलं की आकडे छापून चिठ्ठी येते. ॲसिड नाही, हलवणं नाही, भांडणं थोडी कमी. आबा म्हणतात चांगलं झालं, पोरांचे सदरे वाचले. पण किटली उघडल्यावर नुसत्या वासावरून दूध कधीचं आहे हे सांगणारा माणूस आता गावात बहुधा एकच उरलाय आणि त्याला ऐकायला कमी येतं. त्या झूमच्या कार्यक्रमानंतर मी दर रविवारी आबांचा फोन त्यांना सांगून रेकॉर्ड करतो. विषय एकच. ऐकणारे आम्ही तिघं, मी, माझी बहीण आणि कधीकधी माझी मुलगी. तिला अर्धी भाषा कळत नाही, पण ती 'इसरलास' फार छान म्हणते.

तुमच्या घरीही असं कोणी असेल. गिरणीतला, एस.टी.तला, पोस्टातला, शिवणकामातला, ज्याच्या बोलण्याला आपण पोरवयात कंटाळलो होतो. त्यांची नक्कल जरूर करा, घरात हसा, मंडळातही हसा. फक्त आकडे त्यांना विचारून घ्या, आणि नक्कल झाल्यावर त्यांना फोन करून दाखवा. ते ज्या जागी गप्प होतील ती जागा पुढच्या वेळी गाळा.

मागच्या रविवारी मी आबांना शेवटी त्या इंग्रज पॉडकास्टविषयी सगळं सांगितलं, नावासकट. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "जाहिरात कुठल्या पेंडंची असती त्यात?" मी म्हटलं, "आबा, ती कंपनी खोटी आहे, असं खाद्यच नाही."

आबा म्हणाले, "मग दूध कुठनं येतंय?"

(लेखक लेस्टर, इंग्लंड येथे राहतात.)